राजपत्रातील अधिसूचना आणि चाळीतील कांदा

शनिवार, दि. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र शासनाने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसविले. सोमवारी नाशिक जिल्ह्यातील अनेक बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. चाळीत कांदा साठवून भावाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला निर्णयापूर्वी म्हणणे मांडण्याची संधी मिळालेली नव्हती; कायद्यानेही ती देणे आवश्यक नव्हते. असे का, हे ग्रामीण कार्यकर्त्यांनी समजून घेण्यासारखे आहे.

सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ याच्या कलम ८ अन्वये, तातडीने कार्यवाही करणे आवश्यक असल्याची केंद्र शासनाची खात्री झाल्यास राजपत्रातील अधिसूचनेद्वारे निर्यात शुल्क बसविता वा वाढविता येते. अशी अधिसूचना पुढे संसदेच्या मान्यतेसाठी ठेवावी लागते. परंतु तोपर्यंत शुल्क लागू राहते व बाजारावर व्हावयाचा तो परिणाम होऊन गेलेला असतो.

परदेशातून अवाजवी स्वस्त भावाने येणाऱ्या मालावरील डंपिंगविरोधी शुल्काची रीत याहून अगदी निराळी आहे. तेथे केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाच्या अधीन असलेले, २०१८ मध्ये स्थापन झालेले व्यापार उपाययोजना महासंचालनालय प्रथम चौकशी सुरू झाल्याची जाहीर सूचना प्रसिद्ध करते. देशी उत्पादक, आयातदार, परदेशी निर्यातदार, तो माल वापरणारे उद्योग, इतकेच नव्हे तर ग्राहक संघटनाही आपले म्हणणे मांडू शकतात. अंतिम निष्कर्ष सामान्यतः एक वर्षात द्यावयाचा असतो. त्यानंतरही ती केवळ शिफारस ठरते. शुल्क बसविण्याचा अधिकार अर्थ मंत्रालयाचा असून २०२० नंतर अशा अनेक शिफारशी त्याने स्वीकारल्या नाहीत. म्हणजे कारखानदारास सुनावणी आहे, ती निष्फळ ठरली तरी आहे. कांदा उत्पादकास तीही नाही. भाववाढ रोखण्यासाठी तातडी लागते, हा शासनाचा युक्तिवाद निराधार नव्हे. पण जे पीक महिनोन्‌महिने चाळीत राहते, त्याच्याबाबतीत थोडाही विचारविनिमय शक्य नव्हता, असे म्हणणे कठीण आहे.

शुल्काच्या प्रश्नावर साक्षी घेऊन सल्ला देणाऱ्या मंडळाची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. सर इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील वित्तीय आयोगानंतर १९२३ मध्ये टॅरिफ बोर्ड नेमण्यात आले. पोलाद उद्योगाची चौकशी त्याने केली आणि १९२४ मध्ये संरक्षणाचा कायदा झाला. आज सीमाशुल्क आयुक्तालयांच्या स्तरावर व्यापार सुविधा समित्या आहेत. त्यांच्या बैठकांत व्यापारी संघटना, सीमाशुल्क दलाल व जहाज कंपन्या यांच्या अडचणी मांडल्या जातात. परंतु विषय असतो माल सोडविण्याच्या कार्यपद्धतीचा, शुल्काच्या दराचा नव्हे.

गावपातळीवर सर्वांत मोठा घोटाळा होतो तो कोणती सूचना कोणाची, या बाबतीत. शुल्काची अधिसूचना अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाची. किमान निर्यात मूल्य आणि निर्यातबंदी यांची अधिसूचना विदेश व्यापार महासंचालनालयाची, आणि तिचा आधार १९९२ चा परदेशी व्यापार कायदा. ऑक्टोबर २०२३ अखेर टनामागे ८०० डॉलर किमान मूल्य ठरले आणि ८ डिसेंबरपासून निर्यातबंदी आली, ती या दुसऱ्या मार्गाने. दि. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली. पण ५५० डॉलर किमान मूल्य व ४० टक्के शुल्क ही दोन्ही बंधने सोबत आली. "बंदी उठली" एवढेच ऐकून ज्यांनी भाववाढीचा हिशेब केला, त्यांची निराशा झाली असल्यास नवल नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेले व शुल्क २० टक्क्यांवर आले.

म्हणून अधिसूचना हाती आली की प्रथम ती कोणत्या कार्यालयाची, कोणत्या कलमाखालची, कोणत्या तारखेपासूनची आणि तिला मुदत आहे काय, हे पाहावे. बाजार समितीच्या फलकावर मूळ मजकूर मराठीत लावणे काही अवघड काम नाही. उरलेले २० टक्के शुल्क रद्द करण्याचा निर्णय दि. २२ मार्च २०२५ रोजी जाहीर झाला व १ एप्रिलपासून अमलात आला. या दहा दिवसांत कांदा विकावा की राखून ठेवावा, हे ठरविण्यासाठी शेतकऱ्याला हवी होती ती एवढी एक तारीख.