नळीत एकदाच फुंकून भागत नाही

मागच्या महिन्यात वस्तीतल्या एका झाडूवाल्या मावशींनी आमच्यासमोर दोन कागद ठेवले. दोन्ही स्पायरोमेट्रीचे, म्हणजे नळीत फुंकायच्या तपासणीचे. मध्ये पंधरा दिवस. पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा एका कागदावर १.१० लिटर, दुसऱ्यावर १.५२. "ताई, मशीन खोटं का मी खोटी?" शिबिरातल्या माणसाने 'नाटक करते' म्हणून त्यांना उठवलं होतं, ते त्यांना फार लागलं होतं.

रक्ताच्या तपासणीत पेशंटने हात पुढे केला की झालं. इथे जोर पेशंटलाच लावावा लागतो. छाती पूर्ण भरली नाही, ओठांतून हवा गळाली, मध्येच खोकला आला, की आकडा घसरतो. शिकवणाराने नीट शिकवलं नाही तर त्यात पेशंटचा काय दोष? म्हणून नियमच आहे : किमान ३ फुंका चांगल्या जमाव्यात आणि त्यांतल्या मोठ्या दोन आकड्यांत १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नसावा. असेल तर दम खाऊन पुन्हा फुंकायचं, मोठ्या माणसाने साधारण ८ वेळांपर्यंत. मावशींच्या पहिल्या कागदावर फुंक एकच होती. तो आकडा धरायचाच नाही.

दुसऱ्या कागदावर मात्र १.५२, १.४८, १.४४ अशा तीन फुंका होत्या. पंपाचे ४ दाब देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावलं, तर १.८६. हा फरक फुंकण्यातला नाही, आजारातला आहे. आवळलेल्या श्वासनळ्या औषधाने मोकळ्या झाल्या. दम्यात असं होतं. विडीने किंवा चुलीच्या धुराने कायमच्या अरुंद झालेल्या नळ्या औषधानंतरही पूर्ण मोकळ्या होत नाहीत.

दमा दिवसागणिक बदलतो, बहुतेकांना पहाटे जास्त त्रास होतो. दुपारी, बरं वाटत असताना केलेली तपासणी 'नॉर्मल' आली म्हणून दमा नाही असं ठरत नाही, आणि पंप तर आपल्या मनाने मुळीच बंद करू नका. पीक फ्लो मीटर मिळालं तर दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ तीनदा फुंकून मोठा आकडा वहीत लिहा. सकाळी २४०, संध्याकाळी ३०० असं रोज होत असेल, तर ती वही डॉक्टरांना दाखवाच.

तपासणीआधी कुठला पंप किती तास थांबवायचा ते डॉक्टरांना विचारा. तासभर आधी विडी नको, कपडे सैल घाला. नुकताच हार्ट अटॅक आला असेल, डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल किंवा थुंकीतून रक्त पडत असेल, तर आधीच सांगा. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर पहिली तपासणी थुंकीची, टीबीसाठी.

उंचीही मोजून घ्यायला लावा. अपेक्षित आकडा वय, उंची आणि स्त्री की पुरुष यांवरून काढतात, आणि मावशींची उंची शिबिरात अंदाजाने लिहिली होती.

पहिला कागद त्या फाडायला निघाल्या होत्या. आम्ही त्यावर 'एकच फुंक' असं लिहून तो फाइलीत लावून दिला.