तेल खाणारे जिवाणू

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया-३’ ही जहाजे एकमेकांवर आदळली. सांडलेले इंधन तेल किनाऱ्यावर, खारफुटीत पसरले. ते साफ करायला ‘टेरी’ संस्थेचे ‘ऑइलझॅपर’ वापरले गेले. हे तेल खाणाऱ्या जिवाणूंचे मिश्रण. तेलातला कार्बन हेच त्यांचे अन्न. त्यातून मुख्यतः पाणी व कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पण त्यांना हवा, ओल, नायट्रोजन-फॉस्फरस आणि वेळ लागतो. ही जादू नव्हे!

मुलं विचारतील, “आपल्या मोहाडीत समुद्र कुठाय?” समुद्र नाही, पण ट्रॅक्टरचं काळं ऑइल आहेच. ते बांधावर ओतलं तर माती क्षणात बिघडते, सुधारायला मात्र महिने लागतात. म्हणून ते डब्यात साठवायचं, मातीत नाही ओतायचं, हे मुलांना आवर्जून सांगा.