लाकडी पेट्यांतून आलेला ट्रक



वाकोला आणि कलिना या भागांत राहणाऱ्या मुलांना लष्कराच्या हिरव्या गाड्यांचे फारसे अप्रूप नसते. कलिन्याला लष्कराची छावणी आहे. पलीकडचा सांताक्रूझचा विमानतळ दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दल वापरीत असे. माझे बालपण वाकोल्यात गेले. मी सहावीत असताना दुबईहून आलेल्या मामांनी मला एक खोका दिला. त्यात प्लास्टिकचे शंभराहून अधिक सुटे भाग होते, आणि ते नीट जोडले तर १:३५ या प्रमाणातला एक युद्धकालीन ट्रक तयार होणार होता. तो ट्रक कॅनडात बनलेला, शेव्हरोले जातीचा, पंधरा हंड्रेडवेट भार वाहणारा होता. गंमत अशी, की नेमका तसलाच ट्रक माझ्या आजोबांनी १९४४ साली दिमापूर–इंफाळ रस्त्यावर चालविला होता.

हे ट्रक ‘कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न’ या नावाने ओळखले जात. युद्धाच्या काळात कॅनडाने आठ लाखांहून अधिक लष्करी वाहने बनविली, आणि त्यांपैकी सुमारे निम्मी या घडणीची होती. फोर्ड आणि जनरल मोटर्स या एरवीच्या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी ती एकाच आराखड्यावरून काढली. त्यांतली बरीचशी वाहने सबंध गाडीच्या रूपात आगबोटीवर चढलीच नाहीत. ती सुटी करून लाकडी पेट्यांत भरून पाठविली जात आणि पोहोचल्या ठिकाणी जोडली जात. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना १९२८ सालापासून होता, फोर्डचीही जुळणी मुंबईत होत असे, आणि युद्धाच्या वर्षांत अशा कारखान्यांतून लष्करी गाड्या बाहेर पडल्या. म्हणजे माझ्या खोक्यातला ट्रक सुट्या भागांचा होता, तसाच आजोबांचा खरा ट्रकही एके काळी सुट्या भागांचाच होता!

पेट्यांत भरण्याचा हा खटाटोप कशासाठी? एक सोपे गणित करू. ट्रक बाहेरून सुमारे ४ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि २ मीटर उंच धरा. म्हणजे जहाजात त्याला १६ घनमीटर जागा लागेल. आता समजा, रिकाम्या ट्रकचे वजन २५०० किलोग्रॅम आहे आणि तो सगळा पोलादाचाच आहे. पोलादाची घनता घनमीटरला ७८५० किलोग्रॅम. भागाकार करा. पोलादाचे घनफळ येते जेमतेम ०.३२ घनमीटर, म्हणजे सबंध जागेचा पन्नासावा हिस्सा. उरलेली सगळी हवा! पाणबुड्यांनी भरलेल्या समुद्रातून हवा वाहून नेणे कोणाला परवडणार?

आता खोक्याकडे वळू. आतल्या भागांचे प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. वितळलेले पॉलिस्टायरीन मोठ्या दाबाने पोलादी साच्यात घालतात. ज्या वाटांनी ते साच्यात शिरते त्या वाटांतले प्लास्टिकही थिजते, आणि म्हणून सारे भाग एखाद्या फांदीला पाने लटकावीत तसे चौकटीला चिकटलेले येतात. भाग पिरगाळून तोडू नका. लहान कटरने कापा, उरलेला बुंधा बारीक पॉलिश कागदाने घासा. हत्यार चालविताना पाते नेहमी स्वतःपासून दूर जाईल असे धरा. माझ्या डाव्या अंगठ्यावरची खूण अजून तो धडा सांगते.

हे भाग ज्याने जोडतात तो डिंक नव्हे. त्यात पॉलिस्टायरीन विरघळविणारे द्रावक असते. दोन्ही कडा क्षणभर मऊ होतात, त्यांतल्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंततात, आणि द्रावक उडून गेले की सांधाच उरत नाही, दोन्ही मिळून एकच तुकडा होतो. ही एक प्रकारची थंड वेल्डिंगच होय. हे पाहायचे असेल तर थर्मोकोलच्या तुकड्यावर नखांचा रंग पुसण्याच्या द्रावणाचा एक थेंब टाका. थर्मोकोल हेही पॉलिस्टायरीनच आहे, फक्त फुगविलेले. खड्डा पडलेला दिसेल. (बाटलीवर ‘ॲसिटोनविरहित’ असे छापले असेल तर हा प्रयोग कदाचित फसेल.) खिडक्या उघड्या ठेवा, जवळ ज्योत नको, आणि घरातले वडीलधारे कोणी सोबत असू द्या.

प्रमाण १:३५ च का, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. १:७२ चा अर्थ सहा फुटांना एक इंच, १:४८ चा अर्थ फुटाला पाव इंच, हे समजण्यासारखे आहे. पण पस्तीस? याचे उत्तर जपानमध्ये आहे. तामिया या कंपनीने १९६१ साली जर्मन पँथर रणगाड्याची प्रतिकृती बाजारात आणली, तिच्यात विजेची मोटर आणि दोन बॅटरी-सेल बसायला हवे होते. ते मावतील एवढा रणगाडा केला आणि नंतर प्रमाण मोजले, तर ते १:३५ च्या जवळपास भरले. पुढे जगभर तीच रूढी पडली. शास्त्रातली सगळी प्रमाणे शास्त्रीय कारणांनीच ठरतात असे नाही!

मूळ गाडीची पुढच्या व मागच्या आसांमधली लांबी १०१ इंच, म्हणजे सुमारे २५७ सें.मी. तिला ३५ ने भागा. ७३ मि.मी.च्या आसपास उत्तर येते. पट्टी घेऊन मी मोजले आणि ते बरोबर आले, तेव्हा मला जो आनंद झाला तो परीक्षेत पहिला आल्याने झाला नसता. टायर ९.००–१६ मापाचा होता. हे आकडे असे वाचायचे: चाकाच्या रिमचा व्यास १६ इंच आणि टायरची रुंदी ९ इंच. टायरची उंचीही साधारण तेवढीच धरली, तर एकूण व्यास १६ + ९ + ९ = ३४ इंच, म्हणजे ८६ सें.मी. प्रतिकृतीत तो सुमारे २५ मि.मी. हवा. खोका विकत घेणे जमत नसेल, तर गाडीचा बाजूने काढलेला फोटो घ्या. आसांमधली लांबी ठाऊक असली की बाकीची सगळी मापे समरूप त्रिकोणांच्या प्रमेयाने काढता येतात, आणि मग पुठ्ठ्याचाही ट्रक उत्तम होतो.

एक मोठी पंचाईत मात्र प्लास्टिक व पुठ्ठा दोन्हींत येते, ती जाडीची. खऱ्या ट्रकच्या दाराचा पत्रा एक-दीड मि.मी. जाडीचा असतो. त्याला ३५ ने भागले तर जाडी केसाहूनही कमी होईल. साच्यातून इतके पातळ प्लास्टिक निघत नाही, म्हणून दार एक मि.मी. जाडीचे करतात. आता उलट गुणा: एक मि.मी. गुणिले ३५ म्हणजे साडेतीन सें.मी.! याच कॅनेडियन सांगाड्यांवर भारतात चिलखती गाड्याही बांधल्या गेल्या. त्यांचे चिलखत टाटांच्या पोलादाचे असल्यामुळे सैनिक त्यांना ‘टाटानगर’ म्हणत. त्या चिलखताची जाडी कोठेही १४ मि.मी.पेक्षा जास्त नव्हती. म्हणजे माझ्या साध्या माल-ट्रकचे दार खऱ्या चिलखती गाडीच्या अडीचपट जाड झाले होते. यावर उपाय एवढाच, की दाराची दिसणारी कड आतून तिरपी घासायची. डोळा फक्त कड पाहतो आणि फसतो.

चार रविवार खपून मी ट्रक पुरा केला आणि आजोबांपुढे ठेवला. पुढची काच द्रावकाच्या बोटांनी पांढुरकी झाली होती, ते लपविण्याचा माझा प्रयत्न चालला होता. पण काचेबद्दल ते काही बोलले नाहीत. ‘आम्ही तिच्यावर चिखलच फासायचो, चकाकू नये म्हणून,’ एवढेच म्हणाले. मग त्यांनी ट्रक हातात घेतला, तळहातावर तोलला, परत टेबलावर ठेवला, आणि म्हणाले, ‘बाळ, हा ट्रक उभा नाही. हा ठेवलेला आहे.’

मी हिरमुसलो. एकही भाग चुकला नव्हता, सारी मापे बरोबर होती. मग चूक कुठे होती? ती मला कळली पुढे कॉलेजात, भौतिकीचा अभ्यास करताना. लांबी ३५ पट कमी झाली की क्षेत्रफळ ३५ × ३५ म्हणजे १२२५ पट कमी होते, आणि घनफळ, व त्याबरोबर वजन, ४२,८७५ पट कमी होते. गाडीचे वजन पेलायचे असते कमानीच्या पाट्यांच्या छेदाने, म्हणजे क्षेत्रफळाने. वजन ४२,८७५ पट घटले आणि पेलणारा छेद १२२५ पटच घटला, म्हणून दर चौरस सेंटिमीटरवर येणारे प्रतिबल पस्तिसाव्या हिश्श्यावर आले. तेव्हा आकारात होणारी विकृतीही पस्तिसावा हिस्साच. समजा, खऱ्या ट्रकच्या कमानी भाराने ७ सें.मी. दबतात. प्रतिकृतीत हे दबणे २ मि.मी. दिसायला हवे. पण तुम्ही अगदी खऱ्या पोलादाच्या चिमुकल्या कमानी केल्या तरी त्या २ मि.मी.चाही पस्तिसावा हिस्सा, सुमारे ०.०६ मि.मी., दबतील. डोळ्यांना काहीच दिसणार नाही. लहान वस्तू आपल्या वजनाने वाकत नाहीत. मुंगीचे पाय काडीसारखे असतात आणि हत्तीचे खांबासारखे, त्याचे कारणही हेच. टेबलावरून माझा ट्रक एकदा पडला आणि फक्त आरसा तुटला. टेबल ७५ सें.मी. उंच. त्याच प्रमाणात खरा ट्रक २६ मीटरांवरून पडता, तर त्याचे काय झाले असते?

म्हणून प्रतिकृतीत भार दाखवायचा असेल तर तो हाताने घालावा लागतो. मागच्या कमानी चिकटविण्याआधी त्या दीड-दोन मि.मी. सपाट करा. मग टायर पाहा. रिकाम्या ट्रकचे २५०० किलो आणि १५ हंड्रेडवेट भाराचे ७६२ किलो मिळून सुमारे ३२६० किलो होतात. चार चाकांवर सारखे वाटले तर प्रत्येकी ८१५ किलो. (खरे तर भार मागच्या चाकांवर अधिक पडतो.) टायरमधल्या हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला अडीच किलो धरा. तर जमिनीला टेकलेले क्षेत्र ८१५ भागिले २.५, म्हणजे ३२६ चौ. सें.मी. भरते. टायरची रुंदी २३ सें.मी. असल्याने टेकलेल्या भागाची लांबी १४ सें.मी. येते. प्रतिकृतीत ती ४ मि.मी. होईल. एवढा सपाट भाग मिळायला चाकाच्या तळातून फक्त ०.१६ मि.मी. घासावे लागते. पॉलिश कागदावर पाच-सहा हात फिरवले की काम झाले. आजोबांची नजर एवढ्याशा गोष्टीवर अडली होती! जून १९४४ मध्ये इंफाळचा वेढा उठला. त्या महिन्याच्या २२ तारखेला १०९ व्या मैलाच्या दगडाजवळ रस्ता पुन्हा मोकळा झाला आणि भरलेल्या गाड्यांची रांग आत जाऊ लागली. भरलेली गाडी कशी बसते, हे त्या रस्त्यावर चालविणाऱ्याला कोणी शिकवायला नको.

काचेचीही गोष्ट राहिली. या ट्रकच्या पुढच्या काचेचा वरचा काठ बाहेर झुकलेला असतो, आपल्या नेहमीच्या गाड्यांच्या उलट. समजा, सूर्य क्षितिजापासून १०° वर आहे. काच सरळ उभी असेल तर परावर्तित किरण १०° नेच खाली उतरेल आणि लांबवर चमकत जाईल. काच १५° पुढे कलली तर किरण त्याच्या दुप्पट, म्हणजे ३०° ने वळतो (आरसा फिरविल्यावर किरण दुप्पट कोनातून फिरतो, हे तुम्ही शाळेत शिकला आहात) आणि एकूण ४०° ने खाली उतरून बोनेटपुढच्या जमिनीत विझतो. मागे कललेली काच मात्र तोच झोत आकाशाकडे फेकील, जिथे शत्रूचे विमान असू शकेल. हाताच्या आरशावर सूर्याचा कवडसा पाडून हे पडताळून पाहा. कवडसा कोणाच्या डोळ्यांवर मात्र नको.

अशा वाहनांच्या पिढीतील रणगाडे व चिलखती गाड्या प्रत्यक्ष पाहायच्या असतील तर अहिल्यानगरला (पूर्वीचे अहमदनगर) १९९४ साली सुरू झालेले कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. तिथे जाताना वही न्या. रणगाड्याखाली वाकून पाहा, वजनाने काय काय दबले आहे ते.

माझा ट्रक मी पुढे दुरुस्त केला, पण आजोबा तोवर गेले होते. मागच्या हौद्यात वाळूच्या पुरचुंड्या ठेवल्या, पोत्यांसारख्या. त्यांचे वजन किती असावे? ७६२ किलो भागिले ४२,८७५. उत्तर १८ ग्रॅमच्या आसपास येते. तुम्ही प्रतिकृती कराल तेव्हा एवढी वाळू सोनाराच्या किंवा शाळेच्या प्रयोगशाळेतल्या तराजूवर मोजून घ्या आणि कमानी खरोखर किती दबतात ते पट्टीने पाहा. कागदावर काय उत्तर यायला हवे, ते आधी लिहून ठेवा.