पहारेकऱ्यावरही पहारा : संगणकातील सक्तीचे प्रवेश-नियंत्रण

चिखली तालुक्यातील एखाद्या गावी जमिनीची खरेदी झाली म्हणजे तिची नोंद गाव नमुना सहा, अर्थात फेरफार नोंदवहीत, घेतली जाते. नोंद घेण्याचे काम तलाठ्यांचे. शासनाने आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी असे पदनाम दिले आहे. दप्तर त्यांच्या ताब्यात आणि लेखणीही त्यांचीच. तरीसुद्धा ही नोंद त्यांच्या एकट्याच्या सहीने पक्की होत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० अन्वये हितसंबंधितांना नोटीस द्यावी लागते, हरकत आल्यास तिची चौकशी करावी लागते आणि नोंद प्रमाणित करण्याचा अधिकार वरिष्ठ महसूल अधिकाऱ्याकडे, व्यवहारात बहुधा मंडळ अधिकाऱ्यांकडे, असतो. दप्तर ज्याच्या हाती, त्याच्याच मर्जीवर दप्तराचे भवितव्य सोडावयाचे नाही, हे यामागील तत्त्व होय.

आज तेच दप्तर संगणकात गेले आहे. सात-बाराचा उतारा, बँकेचे खाते, बाजार समितीचा हिशेब हे सारे कोठल्या तरी सर्व्हरवर साठविलेले असते. तेव्हा महसुली दप्तराला लागू असलेले हे तत्त्व संगणकाच्या आत कसे पाळले जाते, असा प्रश्न जिज्ञासू वाचकांच्या, आणि विशेषतः चिखलीसारख्या तालुक्याच्या गावी संगणकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या, मनात येणे स्वाभाविक आहे.

१९७० च्या सुमारास आकाराला आलेल्या युनिक्स प्रणालीत, आणि तिच्या धर्तीवर पुढे तयार झालेल्या लिनक्समध्ये, मूळचा नियम साधा होता. फाइलचा जो मालक, तोच ती कोणी वाचावी व कोणी बदलावी हे ठरविणार. यास स्वेच्छाधीन नियंत्रण म्हणता येईल. या व्यवस्थेत ‘रूट’ नावाचा एक सर्वाधिकारी असतो. त्याला जवळपास कशाचीच आडकाठी नाही. जी आज्ञावली रूटच्या नावाने चालते, तिच्यात एखादे भगदाड निघाले की सर्वाधिकाराच्या किल्ल्या परक्याच्या हाती गेल्याच म्हणून समजावे.

येथे देखरेख करणाऱ्या आज्ञावलीचा प्रश्न उपस्थित होतो. सर्व्हरवर पडद्याआड अखंड चालणाऱ्या आज्ञावलीला ‘डीमन’ म्हणतात. (या नावाचा भुताखेतांशी संबंध नाही. मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने कल्पिलेल्या, रेणूंची निमूटपणे निवड करीत बसणाऱ्या डीमनावरून अमेरिकेतील एमआयटी संस्थेच्या संशोधकांनी ते १९६० च्या दशकात घेतले.) देखरेखीचा डीमन प्रोसेसरवरील भार, स्मृतीचा वापर, डिस्कवरील मोकळी जागा व जाळ्यातील वाहतूक मोजत राहतो आणि ते आकडे मध्यवर्ती ठिकाणी पाठवितो. ‘कलेक्टडी’ हा २००५ पासून विकसित होत आलेला मुक्त डीमन याचे चांगले उदाहरण आहे. दर दहा सेकंदांनी मोजणी करणे हा त्याचा शिरस्ता. असा डीमन सर्वत्र डोकावतो, त्याच्या काही कामांना वाढीव अधिकार लागतात, आणि बाहेरच्या जाळ्याकडे जाणारे दारही त्याला उघडे हवे असते. पाहणे, अधिकार आणि बाहेरचे दार या तीन गोष्टी एके ठिकाणी आल्या म्हणजे चोराला दुसरे काय हवे?

ही भीती पोकळ नाही. डिसेंबर २०२० मध्ये सोलरविंड्स या अमेरिकी कंपनीच्या ‘ओरायन’ या देखरेख-प्रणालीत हल्लेखोरांनी घुसविलेली आज्ञावली उघडकीस आली. अधिकृत सुधारणा म्हणून वाटलेल्या संचातूनच ती गेली होती. हा संच सुमारे १८ हजारांपर्यंत ग्राहकांकडे पोहोचला असावा असे कंपनीने सांगितले, आणि त्यांत अमेरिकी शासनाची खातीही होती. ज्याला राखण करण्यासाठी घरात घेतले, त्याच्याच पावलांनी चोर आत आला.

शिक्का आणि नियम

यावरील उपायाचा विचार फार पूर्वी सुरू झाला. डेव्हिड बेल व लिओनार्ड लापाड्युला यांनी १९७३ मध्ये लष्करी गोपनीयतेसाठी सक्तीच्या नियंत्रणाची गणिती मांडणी केली. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने डिसेंबर २००० मध्ये ‘एसईलिनक्स’ सर्वांना खुले केले, आणि २००३ मध्ये ते लिनक्सच्या मूळ गाभ्यात समाविष्ट झाले.

याची कार्यपद्धती अशी. प्रत्येक फाइलवर आणि चालू असलेल्या प्रत्येक प्रक्रियेवर एक लेबल, म्हणजे शिक्का, असतो. कलेक्टडीच्या मूळ फाइलवर एक शिक्का, त्याने साठविलेल्या आकड्यांवर दुसरा, परवलीच्या शब्दांच्या शॅडो फाइलवर तिसरा. प्रणाली सुरू होताना डीमन उभा राहिला की त्याला ‘कलेक्टडी-टी’ हा ठरलेला प्रक्रिया-शिक्का मिळतो. तो त्याला स्वतःच्या मर्जीने बदलता येत नाही. कोणत्या शिक्क्याच्या प्रक्रियेने कोणत्या शिक्क्याच्या वस्तूशी काय करावे, हे धोरणात लिहिलेले असते. जे लिहिलेले नाही, ते नाकारलेले. स्वेच्छाधीन नियम आधी तपासले जातात व त्यांनी होकार दिल्यानंतर हे धोरण तपासले जाते. तेव्हा धोरण आणखी नकार देऊ शकते, पण जुन्या नियमाने नाकारलेले देऊ शकत नाही. डीमन रूटच्या नावाने चालत असला तरी शॅडो फाइल वाचण्याची परवानगी धोरणात नसेल, तर गाभा त्याला दारातूनच परत पाठवितो.

धोरण लिहिणाऱ्याने प्रथम डीमनाची खरी गरज ओळखावी लागते. यंत्राची स्थिती दाखविणाऱ्या फाइली वाचणे आवश्यक. स्वतःच्या संचयात लिहिणे आवश्यक. डिस्क किती भरली हे विचारणे आवश्यक, पण त्यातील मजकूर वाचणे अनावश्यक. हा भेद लहान दिसतो. सारी खुबी मात्र त्यातच आहे. घरभाडे ठरविणारा माणूस खोल्या मोजतो, पेट्या उघडत नाही. कलेक्टडीच्या कर्त्यांनी स्वतःही एक दक्षता घेतली आहे. बाहेरच्या आज्ञावली चालविणारा त्याचा जोडभाग त्या रूटच्या नावाने चालविण्यास नकार देतो.

मसुदा झाला की तो लगेच सक्तीने लावू नये. केवळ त्या एका डीमनापुरती ‘नोंद घ्या, अडवू नका’ अशी अवस्था ठेवता येते. काही दिवस डीमन नेहमीप्रमाणे चालतो, आणि नियमाबाहेरचे प्रत्येक पाऊल नोंदवहीत उमटते : कोणी, कोणावर, काय करू पाहिले. महिनाअखेरीचे किंवा रात्रीचे विशेष काम याच काळात होऊन गेलेले बरे.

या नोंदी आपोआप परवानगीच्या नियमांत बदलून देणारे एक उपकरणही मिळते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ते सोयीचे तितकेच धोक्याचे आहे. समजा, जागा कमी पडली म्हणून व्यवस्थापकाने आकड्यांचा साठा नव्या डिस्कवर हलविला. नव्या निर्देशिकेला योग्य शिक्का नाही, म्हणून डीमन अडतो. उपकरण सुचविणार, की या प्रकारच्या शिक्क्याच्या सर्व वस्तूंवर लिहिण्याची परवानगी द्या. खरा उपाय नियम सैल करण्याचा नसून नव्या निर्देशिकेला बरोबर शिक्का देण्याचा आहे. फाइल हलविल्यास जुना शिक्का बरोबर येतो व नक्कल केल्यास नव्या जागेचा लागतो, एवढे ध्यानात ठेवले तरी निम्मे तंटे मिटतात.

याहून वाईट सवय म्हणजे अडचण आली की संपूर्ण संरक्षणच बंद करणे. शेतावरील पंपाचा फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार घालणारे आपण पाहतो. पंप त्या दिवशी चालतो. मोटार कधी जळेल ते सांगता येत नाही.

या व्यवस्थेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. धोरणाने ज्या दाराची परवानगी दिली आहे, त्या दारातून होणारा दुरुपयोग ते थांबवू शकत नाही. आकडे बाहेर पाठविण्याची मुभा असलेला डीमन बिघडला तर तो आकडेच चुकीचे पाठवील. गाभ्यातच दोष निघाला, तर गाभ्याने राखलेले धोरण निरुपयोगी ठरते. ओरायनच्या प्रकरणात अशा धोरणाने सारा अनर्थ टळला असता असे म्हणणे धाडसाचे होईल. नुकसानीचा पसारा आवरता आला असता, इतके मात्र म्हणता येते.

या विषयाचा अभ्यास करावयास मोठ्या सर्व्हरची गरज नाही. अँड्रॉइडच्या ४.३ या २०१३ च्या आवृत्तीपासून एसईलिनक्स फोनमध्ये आले आणि २०१४ च्या ५.० आवृत्तीपासून ते पूर्णपणे सक्तीने लागू झाले. चिखलीच्या बाजारात सोयाबीनचा भाव पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या खिशातील फोनमध्येही शिक्के तपासण्याचे हेच काम क्षणोक्षणी चालू असते. विद्यार्थ्यांनी एखाद्या जुन्या संगणकावर लिनक्स बसवून कलेक्टडीसारखा छोटा डीमन चालवावा, त्याच्या नकारांची नोंदवही वाचावी आणि प्रत्येक नकारापुढे ‘गरजेचे’ किंवा ‘अनावश्यक’ असा शेरा मारून मगच पहिला नियम लिहावयास घ्यावा.